चौथ्या पाहुण्याची पावलं

ही एक भेट नीट पार पडली तर ओनोरीन न्दोयोला तीन गोष्टी मिळणार होत्या. अभयारण्याचा पर्यटन विभाग पावसाळ्यानंतरही चालू राहिला असता. त्या विभागावर जगणारे एकतीस जण, म्हणजे वाटाडे, माग काढणारे, होडीवाले आणि स्वयंपाकघरातल्या बाया, घरी बसले नसते. आणि गेली नऊ वर्षं तिच्या हुद्द्याला चिकटलेला ‘हंगामी’ हा शब्द एकदाचा गळून पडला असता. तिला विचारलं असतं तर तिने एकतीस जणांचं नाव पहिलं घेतलं असतं. खोटं नव्हतंच ते. फक्त क्रम बदलला असता.

येणार होत्या ब्रेमेनच्या एका सहल कंपनीच्या मालकीणबाई, फ्राऊ थॉरमान. त्यांना आवडलं तर महिन्याला पाहुण्यांच्या दोन तुकड्या. नाही आवडलं, तर विभाग बंद करण्याचा कागद राजधानीत, बांगीला, तयारच होता. त्यावर सही करणारे खात्याचे साहेब, कोन्झी, त्याच विमानाने यायचे होते, म्हणजे कागदाला फार प्रवास पडणार नव्हता.

ओनोरीनने या भेटीचा आराखडा केला तो जपून ठेवण्यासारखा होता. सात वाजता मोसापाच्या गवताळ धावपट्टीवर विमान. नदी ओलांडून तासभर जीप, मग तासभर पायवाट, त्यातला अर्धा भाग मांडीभर ओढ्यातून. साडेनऊच्या आत दलदलीच्या मैदानावरच्या मचाणावर, कारण हत्ती मिठाच्या चिखलासाठी तेव्हाच उतरू लागतात. दीडला परत निघायचं. वैमानिक रात्री थांबायला तयार नव्हता आणि संध्याकाळचे ढग त्याला नको होते. चारला तो उडणार म्हणजे उडणारच. कुठे पाणी प्यायचं, कोणी कुठे बसायचं, कोन्झीसाहेबांना चढ लागू नये म्हणून वाट कुठे वळवायची, सगळं तिने लिहिलं होतं. सगळं बसत होतं, चाळीस मिनिटं सोडून.

ती चाळीस मिनिटं म्हाताऱ्या सिंगोलोची होती. सिंगोलो बाआका होता, या जंगलातल्या मूळच्या शिकारी जमातीतला, आणि माग काढणाऱ्यांचा म्होरक्या. पायवाट जिथे पहिल्यांदा काळोखात शिरते तिथे तो प्रत्येक पाहुण्याला दहा पावलं चालायला लावी. मग उकिडवा बसून, तळहात जमिनीला टेकवून, आत कोण येतंय ते जंगलाला सांगे. नाव सांगत नसे. कोण टाच घासतो, कोण डाव्या पायावर भार देतो, ते सांगे. परतताना त्याच जागी बसून, कोण बाहेर चाललंय ते सांगे. आत जितके सांगितले तितके बाहेर सांगायचे, एवढाच नियम. त्यावरून आजवर कुणाचं वाईट झालं नव्हतं, आणि कुणी तो मोडलाही नव्हता.

भेटीच्या आदल्या शनिवारीच ओनोरीन पाहुण्यांचे अर्ज घेऊन त्याच्याकडे गेली. वय, वजन, बुटाचं माप, जुनी दुखणी असं सगळं त्यात होतं. सिंगोलो डोळे मिटून ऐकत राहिला आणि मधूनमधून हसला. एकशेआठ किलो आणि खुर्चीचं काम? हा पंजे बाहेर फेकत चालणार. त्रेपन्न किलोची बाई, सदतीस नंबरचा बूट, स्वतःचा धंदा? ही चवड्यावर चालते, टाच टेकायला हिला वेळ नसतो. तिचा भागीदार ओल्टमान्स, एकाहत्तर वर्षांचा, डावा गुडघा कापलेला, म्हणजे काठी. आणि चौथा फोटो काढणारा हाउके, पाठीवर चौदा किलो सामान.

“हा दर चार पावलांना गुडघा टेकणार,” सिंगोलो म्हणाला.

मग ओनोरीनने मुद्दा काढला. चालून दाखवायचं राहू दे, कागदावरून आजच सांगून टाक. म्हातारा बराच वेळ पायाचा अंगठा चोळत बसला.

“माणूस समोर नसताना?”

“गुरुवारी येतायतच ना, बाबा.”

“येतायत?”

“तिकिटं निघालीत त्यांची.”

सिंगोलोने आयुष्यात तिकीट पाहिलं नव्हतं. पण ओनोरीनचा शब्द पाहिला होता, तो नऊ वर्षांत कधी पडला नव्हता. तो उठला, जंगलाच्या तोंडाशी गेला आणि त्याने चौघांना आत सांगितलं.

सोमवारी सकाळी माग काढणाऱ्यांचा रोजचा निरोप रेडिओवर आला. हत्ती उत्तरेला, गोरिलांचं कुटुंब ओढ्यापलीकडे, आणि पाहुणे आत गेलेत, चौघंही. रेडिओजवळ बसलेला वाटाड्या क्रेपें इतका हसला की त्याच्या हातातला कसावाचा घास सांडला. म्हातारा सकाळीच ताडी प्यायला, असं त्याचं मत पडलं. ओनोरीन हसली नाही. सिंगोलो पीत नसे, आणि मागाबाबत तो चुकत नसे. एका हत्तिणीच्या पावलावरून ती दोन दिवसांत विणार असं त्याने सांगितलं होतं आणि तिसऱ्या दिवशी पिल्लू आईच्या पायांत धडपडत होतं. ओनोरीनने आयुष्यात चार-पाचच माणसांना मनातून मानलं होतं, त्यांतला तो एक. म्हणून ती त्याच्याबरोबर स्वतः पाहायला गेली.

ओढ्याच्या काठी ओली माती होती. मातीत चार माणसांचे ठसे, कडा अजून धारदार. पंजे बाहेर फेकलेले रुंद ठसे. त्यांच्या पुढे फक्त चवडे, लहान, घाईतले. बाजूला काठीची भोकं. आणि शेवटी एक माणूस, जो दर चार पावलांना थांबून उजवा गुडघा मातीत टेकवत गेला होता. गुडघ्यापाशी पँटच्या कापडाची वीणसुद्धा उमटली होती.

ओनोरीनने वीत लावून लहान ठसा मोजला. चोरटे शिकारी सदतीस नंबरचे बूट घालत नाहीत, आणि संशोधकांपैकी सध्या कुणी आत नव्हतं. परतीचे ठसे तिने शोधले. नव्हते. तिने पायाने सगळे ठसे मोडले, हात धुतले आणि सिंगोलोला सांगितलं की हे क्रेपेंला कळता कामा नये, नाहीतर बाजारभर होईल. त्याने मान हलवली. बाजाराचं त्याला काही नव्हतं, तो अजून ओढ्यापलीकडे पाहत होता.

गुरुवारी विमान सात वाजून चार मिनिटांनी टेकलं. तिघं उतरले. हाउकेला बांगीत ताप भरला होता, हिवताप; तो हॉटेलात गोळ्या खाऊन झोपला होता. फ्राऊ थॉरमान वैतागल्या होत्या, कारण फोटो तर हवेच होते. ओनोरीनने कागदावरचं एक नाव खोडलं आणि जेवणाचा चौथा डबा तसाच टोपलीत राहू दिला.

जंगलाच्या तोंडाशी कुणी थांबलं नाही. वाचलेली चाळीस मिनिटं ओनोरीनच्या खिशात होती आणि ती खूश होती. कोन्झीसाहेब पंजे बाहेर फेकत चालत होते, फ्राऊ थॉरमान चवड्यांवर. ओनोरीनने ते पाहिलं आणि मग खाली पाहणंच सोडलं. सिंगोलो नेहमी पुढे असे. आज तो सगळ्यांच्या मागे चालत होता, आणि दर चार पावलांना थांबत होता, पुढच्याने थांबावं म्हणून मागचा थांबतो तसा.

मैदानावर त्या दिवशी शहाऐंशी हत्ती उतरले. नऊ वर्षांत ओनोरीनने एवढे एका वेळी पाहिले नव्हते. चिखलाने कुणी पिवळे झाले होते, कुणी विटकरी, कुणी राखाडी. नर सोंडा चिखलात पार मुळापर्यंत खुपसून खालचं खारं पाणी वर ओढत होते आणि त्यांच्या घोरण्यासारख्या आवाजाने मचाणाच्या फळ्या थरथरत होत्या. पिल्लं एकमेकांना ढकलत होती. म्हाताऱ्या ओल्टमान्सने टोपी काढून छातीशी धरली. देवळात आल्यासारखे सगळे हळू बोलू लागले. कोन्झीसाहेबसुद्धा अर्धा तास फोनकडे न पाहता बसले, आणि हे त्यांच्या खात्यात कुणाला खरं वाटलं नसतं.

फ्राऊ थॉरमाननी दुर्बीण खाली न घेता विचारलं, “तिथे मध्येच जागा का सोडलीय त्यांनी?”

मैदानाच्या मधोमध, चारी बाजूंनी हत्ती असताना, चटईएवढी जागा रिकामी होती. येणारे हत्ती तिला वळसा घालून जात होते. रागावत नव्हते, कान उभारत नव्हते. वाटेत कुणी बसलं असेल तर आपण बाजूने जातो, तसे.

क्रेपें म्हणाला, तिथला चिखल अळणी असेल, माझ्या बायकोच्या भाजीसारखा. सगळे हसले.

पाच मिनिटांनी ती जागा थोडी डावीकडे होती.

मग आणखी डावीकडे. मग थांबली.

एक पिल्लू तिच्या कडेशी आलं. त्याने सोंड लांबवली आणि हवेत, गुडघ्यावर बसलेल्या माणसाचं डोकं जेवढ्या उंचीवर येईल तेवढ्या उंचीवर, सोंडेचं टोक हळूच फिरवलं. आईने त्याला मागे ओढलं.

ओनोरीनने सिंगोलोकडे पाहिलं. तो हत्ती मोजत नव्हता.

खाली उतरताना फ्राऊ थॉरमाननी चष्मा पुसला आणि महिन्याला दोन नव्हे, तीन तुकड्या पाठवीन म्हणाल्या. कोन्झीसाहेबांनी लगेच, ही कल्पना मुळात खात्याचीच होती, असं सांगून टाकलं. ओनोरीनने दोघांचे आभार मानले. तिचे पाय आता जमिनीला लागत नव्हते म्हणा ना.

जंगलाच्या तोंडाशी पोचले तेव्हा पावणेतीन झाले होते आणि पश्चिमेला ढग काळे होऊ लागले होते. सिंगोलो उकिडवा बसला, तळहात टेकवला, आणि मागे वाटेकडे पाहू लागला. पाहुणे जीपकडे गेले.

“सांग ना, बाबा. विमान थांबलंय.”

“चार आत सांगितलेत.”

“तिघंच आलेत. तो बांगीत आहे, हॉटेलात.”

“असेल,” म्हातारा म्हणाला. “मला उद्यापर्यंत वेळ दे. त्याला हाक मारत मारत इथवर आणतो. मग चौघंही सांगतो. तोवर हे तिघं थांबू देत.”

ओनोरीनने जीपकडे पाहिलं. कोन्झीसाहेब घड्याळ बघत होते. विमान चुकलं तर ही माणसं डासांत रात्र काढतील, शहाऐंशी हत्ती विसरतील आणि डास लक्षात ठेवतील. तिला माणसं माहीत होती.

“तीन सांग,” ती म्हणाली.

“तीन सांगितले की एक आतला झाला.”

“कागदावर तीनच आहेत.”

सिंगोलोने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“सांगतो, लेकी. पण हे मी नाही म्हणत. तू म्हणतेस.”

त्याने तिघांना बाहेर सांगितलं. विमान चारला तीन मिनिटं कमी असताना उडालं.

महिन्याने करार आला. हंगामी हा शब्द गेला, एकतीस जण राहिले, वर चार नवे घेतले. हाउके तापातून उठून घरी गेल्याचं ब्रेमेनहून कळलं, तेव्हा ओनोरीनने मोठा श्वास सोडला. पण रेडिओवरचा निरोप थांबला नाही. हत्ती इथे, गोरिला तिथे, आणि चौथा काल ओढ्याच्या वरच्या अंगाला होता. क्रेपें म्हणे, या पाहुण्याला भत्ता नाही, जेवण नाही, तक्रार नाही, असे आणखी दहा मिळाले तर बघा. मग पावसाळा लागला आणि क्रेपेंची चेष्टाही थांबली.

जुलैत सिंगोलोने कळवलं की चौथ्याच्या उजव्या बुटाची टाच झिजली आहे. ऑगस्टमध्ये तळ फाटला, अंगठा उमटू लागला. सप्टेंबरात तो अनवाणी होता. नंतर, तो आता गुडघा टेकत नाही, नीट चालतो, आमच्यासारखा. ऑक्टोबरअखेरचा निरोप ओनोरीनने स्वतः घेतला. हत्ती आता त्याला वळसा घालत नाहीत, म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं, जंगलात कसं राहावं ते एखादा परका शिकला की वाटतं तसं.

डिसेंबरात नदी उतरली, ओल्या वाळूचे पट्टे वर आले, आणि पहिली तुकडी होडीने अलीकडे आली. पाच पाहुणे. त्यांत हाउके होता, धडधाकट, उन्हाने लाल, पाठीवर चौदा किलो सामान. गेल्या वेळी हुकलं ते वसूल करायला आलोय, असं तो हसत सांगत होता. त्या तापानंतर तो एक दिवसही आजारी पडलेला नव्हता, उलट अंग हलकं वाटतं म्हणाला.

पाचही जण होडीतून उतरून वाळूवरून जीपपर्यंत चालत आले. ओनोरीनने प्रत्येकाशी हात मिळवला. हाउकेचा हात उबदार होता.

सिंगोलो होडीपाशीच वाकून उभा होता. हाउकेने मागे वळून, आजोबा तिथे काय बघतायत, असं विचारलं. क्रेपेंने ते सिंगोलोला विचारलं.

“वाळू,” म्हातारा म्हणाला.

मग त्याने काठावरची एक पानांची फांदी मोडली आणि होडीपासून जीपपर्यंत सगळी वाळू हळूहळू झाडून सारखी केली, कुणाच्या लक्षात येण्याआधी. ओनोरीनने मात्र आधीच पाहिलं होतं. कंपनीला हत्ती मिळाले, खात्याला नाव, एकतीस घरांना चूल, तिला हुद्दा. द्यायचं ते एकट्या हाउकेने दिलं होतं आणि त्याला अजून ते कळलेलं नव्हतं. त्या वाळूवरून पाच जण चालत आले होते, पावलं चौघांचीच उमटली होती.