पुणे, संभाजीनगर आणि शौनक

"इथं कुणी बसलंय का?" अर्पितानं विचारलं.

"मी बसलोय," तो म्हणाला. "पण तू बस. मला जागा लागत नाही."

अंबडच्या बसस्टँडवर भुरभुर चालू होती. सगळं ओलं, हा मात्र कोरडा... जणू पावसाला त्याला भिजवायचा कंटाळा आला होता. अर्पिताला ते दिसलं. पण अठराव्या वर्षी समोरच्याचे डोळे आधी दिसतात, हवामान नंतर.

तिच्या मोबाइलवर दोन कॉलेजांचे प्रवेश उघडे होते. पाचच्या आत एकावर बोट ठेवायचं, नाहीतर दोन्ही गेले. पुण्याला नावाजलेले प्राध्यापक, मोठी प्रयोगशाळा. संभाजीनगरला मैत्रीण स्वरा, नाटकाचा ग्रुप, रोजचा दंगा. वडील काकासाहेब म्हणत, "तुझं तू बघ," आणि मग स्वतःच बघत.

"पुण्यात अभ्यास होईल," तिच्या मोबाइलमध्ये डोकावत तो म्हणाला, "पण मेसमध्ये एकटी जेवशील. संभाजीनगरला जेवायला दहा जण, अभ्यासाला एकही नाही."

"लई माहिती दिसतीय!"

"मलाही दोन्हीकडं मिळाला होता प्रवेश."

"मंग कुठं गेलास?"

"विचार करतोय... अजून."

त्यानं आपला मोबाइल दाखवला. पडद्यावर एक छोटं चक्र फिरत होतं. तसला मोबाइल काकासाहेबांनी ती तिसरीत असताना मोडीत घातला होता.

चहावाल्या गिरिजाबाई एकच कप घेऊन आल्या. "शौनकशी बोलून राह्यली का? पोरगं बिलकुल सोन्यासारखं. मेलेलं हाय, तेवढं एक."

अर्पितानं कप बाकड्यावर ठेवला. "मेलेलं?"

"ह्याच बाकड्यावर. इचार करता करता गेल्तं."

मेल्याचं एक वेळ घरी पटवता येईल, पण जातीचं काय सांगायचं... हा विचार अर्पिताच्या मनात आधी आला, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

"घाबरलीस?" शौनकनं विचारलं.

"थोडी."

"मग हात धरतो."

हात माठाच्या बुडासारखा गार. तिनं सोडवून घेतला नाही. "तुला काय आवडतं?" त्यानं विचारलं. हे घरात कुणी विचारलं नव्हतं. ती सांगत सुटली — ढगांचे फोटो, कच्ची चिंच, स्टेजवर जायची भीती. तो ऐकत राहिला, पापणीही न हलवता.

मग तिच्या मोबाइलवरही चक्र फिरू लागलं.

गिरिजाबाई बाकडं पुसत आल्या. फडकं अर्पिताच्या गुडघ्यातून आरपार गेलं. "च्या न पिताच गेली वाटतं पोरगी," त्या पुटपुटल्या आणि भरला कप उचलून नेला.

"गिरिजाबाई!"

त्या वळल्या नाहीत.

"थांब ना," शौनक हळूच म्हणाला. "इथं दोन्ही प्रवेश तुझेच राहतील. कायमचे."

"आणि तू?"

"मी तर आहेच."

हेच अवघड होतं. गार बोटांतून तिनं आपली बोटं एकेक करून सोडवली.

"पुणे," ती म्हणाली.

"एकटी पडशील."

"मेलेल्या माणसाशी जमलं. पुण्यातल्यांशीही जमेल."

तो खळखळून हसला, आणि त्या हसण्यातच तिनं बोट दाबलं. चक्र थांबलं.

"अगं बाई! हितंच व्हय तू?" गिरिजाबाई दचकल्या.

घरची, तीर्थपुरीची गाडी लागली. ती उठली, तर ओढणीचं टोक त्याच्या मुठीत.

"येते, म्हण ना..."

शब्द ओठांवर आलाच होता. किराणा आणायला निघालेला माणूसही 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हटलं की आई धपाटा घालायची. पण इथं येते म्हटलं, की यावं लागणार होतं.

"तू मला आवडलास," ती म्हणाली. "जाते."

मूठ उघडली.

गाडी सुटली. वळून पाहिलं असतं तर तोंडातून 'येते' निघालंच असतं. म्हणून अंबड मागं पडेपर्यंत अर्पिता पुढच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडं एकटक बघत राहिली.