म की ब

दिव्यांच्या दुकानात उजेड मालावर पाडायचा असतो, गिऱ्हाइकाच्या तोंडावर नाही. हे धंद्यातलं पहिलं शहाणपण दिवेशेठनी सहा वर्षांपूर्वी गुंडाळून ठेवलं होतं. एका तापात दोन्ही कान गेले आणि त्यांनी काउंटरवरच्या टेबलदिव्याची मान उलटी फिरवली, समोर उभ्या राहणाऱ्याच्या थेट हनुवटीकडे. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हे पोलिसांसारखी चौकशी करणार. जुन्यांना ठाऊक होतं, शेठ कानाने नाही, डोळ्यांनी ऐकतात.

ही विद्या त्यांना लेकीने शिकवली होती. ओठांवर निम्मी भाषाच दिसते, बाबा, ती म्हणायची. उरलेली निम्मी गळ्यात आणि नाकात राहते, ती तुम्ही मनाने भरायची. आता मनाने भरायचं म्हटलं की घोटाळा आलाच. प, ब, म या तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. लेकीने "पीठ संपलंय" म्हणावं आणि शेठनी मीठ आणावं, असं इतक्यांदा झालं की स्वयंपाकघरात मिठाच्या चार बरण्या उभ्या राहिल्या. बाजारात कोणी त्यांना बाबा म्हणे, कोणी मामा. शेठ हसून सांगत, "मला दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून तर मला मामा बनवणं सोपं आहे."

शेवटी लेकीनेच युक्ती काढली. तोंडासमोर मेणबत्ती धरायची. ब म्हटलं की ओठांतून फुंकर सुटते, ज्योत हलते. म म्हटलं तर श्वास नाकातून जातो, ज्योत जागची हलत नाही. आणि एक ताकीद दिली. "समजलं नाही तर पुन्हा विचारा, पाटीवर लिहून घ्या. पण उगाच मान डोलावू नका. तुम्हाला लाज वाटते आणि तुम्ही मान डोलावता. एक दिवस कशाला तरी हो म्हणून बसाल."

लेक सध्या घरीच होती, दुकानावरच्या माडीवर. सहा आठवड्यांची नात पाळण्यात. शेठची बायको दोन वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे लेकीचं बाळंतपण त्यांनीच जमेल तसं निभावलं. नातीचं रडणं त्यांना ऐकू येत नसे. ती रडायला लागली की ते तिच्या इवल्या छातीवर तळहात ठेवत आणि आतली थरथर हाताला लागली की खूश होत. "केवढा गळा आहे हिचा," लेक म्हणायची, "अख्खी गल्ली उठते." शेठ म्हणायचे, "मोठा पाहिजेच. या घरात एकाच्या वाटणीचं ऐकणं कमी आहे."

त्या दुपारी शेजारचे टेलरमास्तर एक बल्ब घ्यायला आले. आभाळात धूळ भरली होती, ऊन मळकट पडलं होतं, आणि नेमकी वीज गेली. लांबट, अरुंद दुकान मागपर्यंत काळं झालं. शेठनी काउंटरवर मेणबत्ती लावली. मास्तर स्टुलावर बसून काहीतरी बोलले.

"आधी टाचण्या काढा तोंडातल्या," शेठ म्हणाले.

मास्तरांनी टाचण्या काढून सदऱ्याला टोचल्या. "म्हटलं, दिव्यांचे व्यापारी आणि मेणबत्तीच्या उजेडात. बोर्ड तरी उतरवा."

शेठ हसले. हसताहसता त्यांना वास आला. वर्षानुवर्षं न उघडलेल्या ट्रंकेतल्या कपड्यांचा, आणि त्याच्याखाली नुकत्याच विझलेल्या वातीचा. त्यांनी मेणबत्तीकडे पाहिलं. ती तर जळत होती.

काउंटरसमोर एक बाई उभी होती. पन्नाशीची असेल. साडीचा रंग त्या उजेडात कळत नव्हता. ज्योत बरोबर तिच्या हनुवटीखाली होती. तिचे ओठ हलले. सावकाश, एकेक अक्षर वेगळं करून. इतकं स्वच्छ बोलणारं माणूस शेठना सहा वर्षांत भेटलं नव्हतं.

मी माहेरची.

की बाहेरची? शेठनी ज्योतीकडे पाहिलं. ती रेषेसारखी सरळ उभी होती. म्हणजे म. माहेरची. त्यांच्या मनात लख्ख झालं. बायकोच्या भावाचं आठवड्यापूर्वीच पत्र आलं होतं, आमच्याकडून कोणीतरी बाळ बघायला येऊन जाईल म्हणून. त्या घरातली निम्मी माणसं शेठना ओळखू येत नसत, आणि त्याची त्यांना जन्मभर लाज वाटत आली होती.

बाईचे ओठ पुन्हा हलले. बाळ बघायला आले.

ती थांबली. उत्तराची वाट बघत असावी. मग तेच पुन्हा म्हणाली आणि मान किंचित पुढे काढली, आपण लहान मुलाला "देणार ना?" असं विचारताना काढतो तशी.

शेठनी मान डोलावली.

"वर जा," ते म्हणाले, "लेक वरच आहे."

बाई जिन्याकडे वळली. जिना लाकडी, जुना. मांजर चढलं तरी त्याची थरथर फळ्यांतून शेठच्या तळपायांना लागे, तीच त्यांची दारावरची घंटा. बाई अंधारात दिसेनाशी झाली. शेठ पाय टेकून उभे राहिले. तळपायांना काहीच लागलं नाही.

त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर जिन्याकडेच बघत होते.

"पाहुण्या का?" मास्तरांनी विचारलं.

"बायकोच्या माहेरच्या. बोलणं किती स्वच्छ आहे, पाहिलंत ना?"

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. ते मेणबत्तीजवळ सरकले, शेठना नीट दिसावं म्हणून. "बोलणं...? शेठ, त्या बोलल्याच नाहीत. नुसते ओठ हलवत होत्या. मला वाटलं... त्यांचंही तुमच्यासारखंच काहीतरी असेल."

बोलताना मास्तरांच्या प्रत्येक ब ला ज्योत लवत होती.

शेठ त्या ज्योतीकडे बघत राहिले. बाई 'बाळ' म्हणाली होती. तो तर ब च. त्यात कसली शंका? दोनदा म्हणाली होती. आणि दोन्ही वेळा ज्योत रेषेसारखी सरळ होती.

श्वासच नसेल तर ज्योत कशाने हलणार?

मग पहिला शब्द म चा कशावरून? आणि तो दुसरा... तो तर त्यांनी पत्रावरूनच भरून घेतला होता. त्यांनी आवाज न करता स्वतःच्या ओठांनी ते म्हणून पाहिलं, बोटं ओठांवर ठेवून. बघायला. मागायला. बोटांना दोन्ही जवळजवळ सारखंच लागलं.

बाळ मागायला आले.

आणि आपण मान डोलावली.

जिना ते कसे चढले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. माडीवर वीज नव्हतीच, पण खिडकीतून मळकट उजेड येत होता. लेक खिडकीशी उभी होती, पाळण्याकडे पाठ करून दुपट्यांच्या घड्या घालत. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पाळण्यात नात होती. शेठनी दाराची चौकट धरली.

पावलांच्या आवाजाने लेक वळली. उजेड तिच्या तोंडावर आला. "हळू, बाबा. आत्ताच झोपलीय."

"वर कोण आलं होतं?"

"कोणी नाही. का?"

शेठ पाळण्याजवळ गेले आणि वाकले.

नात झोपली नव्हती. तिचं तोंड पुरतं उघडं होतं, चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, डोळ्यांच्या कडांनी पाणी कानांपर्यंत गेलेलं. ती जिवाच्या आकांताने रडत होती. शेठनी तिच्या छातीवर तळहात ठेवला. छाती उबदार होती, भराभर वरखाली होत होती. हाताला थरथर लागली नाही. त्यांनी हात जरा दाबून धरला, मग दुसरा हात ठेवला. काही नाही.

त्यांनी वर पाहिलं. लेक पुन्हा खिडकीकडे वळली होती, गल्लीत वाकून बघत. मग तिने तोंड त्यांच्याकडे केलं आणि त्यांना समजावं म्हणून, रोजच्या सवयीने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"बाहेर कुणाचं तरी बाळ रडतंय, बाबा."

म की ब, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

"अगदी आपल्या हिच्यासारखा गळा," लेक म्हणाली आणि कान देऊन ऐकत राहिली. "लांब लांब चाललाय..."