मैदान कोणी जाळलं?

"किल्ली आपण मागायची नाही," भिंगरी म्हणाली. "चिटणीसकाकांनी आपण होऊन द्यायला हवी."

"आपण होऊन ते कुणाला नमस्कारसुद्धा करत नाहीत," टिंगू म्हणाला.

टिंगू नावालाच टिंगू होता. भिंगरीपेक्षा वर्षाने लहान असूनही तिच्या डोक्यावरून त्याला पलीकडचं दिसे. तो तिचा मामेभाऊ. तिसरी रेडिओ, शेजारच्या घरातली मैत्रीण. तिला हे नाव का पडलं, ते तिच्याजवळ पाच मिनिटं बसलं की कुणालाही कळे.

तिघं स्टेडियमच्या खालच्या पायरीवर बसली होती. शाळेला सुट्टी लागून आठवडा झाला होता, पण कुणाच्या पायाशी चेंडू नव्हता. समोरच्या मैदानाकडे बघवत नव्हतं. एरवी गालिच्यासारखं दिसणारं गवत जागोजागी जळून तपकिरी झालं होतं. कुठे हातभर पट्टा, कुठे ताटाएवढा डाग.

गावात फुटबॉलचे दोन क्लब होते, तांबडे आणि निळे. त्यांचं वैर इतकं जुनं की ते कशावरून सुरू झालं हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. तरी ते पाळायला मात्र सगळे हजर असत. यंदा निळ्यांच्या स्टेडियमला भेगा पडल्या. इंजिनिअर येऊन तपासून गेले आणि फाटकाला कुलूप लागलं. तेव्हा कुणीतरी धीर करून म्हणालं, की दोन्ही क्लबांनी तांबड्यांचंच स्टेडियम मिळून वापरलं तर? पुष्कळ आरडाओरडा झाला, आणि शेवटी महिनाभर करून बघायचं ठरलं.

तीन आठवडे बरे गेले. मग गवत जळलं.

तांबड्यांच्या चिटणीसकाकांनी डाग पाहिले आणि जागच्या जागी निकाल देऊन टाकला. निळ्यांच्या माणसाने रात्रीतून विष ओतलं, दुसरं काय! उद्या रविवारी सकाळी दोन्ही क्लबांची सभा होती. तिथे हा विषय कायमचा बंद होणार होता. निळ्यांना मैदान मिळणार नव्हतं, म्हणजे त्यांचा क्लबच बंद पडणार होता. आणि निळ्यांचं मैदान राखणाऱ्या माणसाची नोकरी जाणार होती, ती विषाचा डाग कपाळी घेऊन.

तो माणूस म्हणजे टिंगूचे बाबा, भिंगरीचा सख्खा मामा. आणि तांबड्यांचं मैदान राखत होते भिंगरीचे बाबा. एका घरात इतका फुटबॉल पुरे झाला असता, पण दोघांनी त्यात अबोल्याची भर घातली होती. चार वर्षांपूर्वी निळ्यांच्या मैदानावर अंतिम सामना झाला होता. गोलासमोरच्या चिखलात चेंडू रुतला आणि तांबडे हरले. भिंगरीचे बाबा चारचौघांत म्हणाले, या मैदानात म्हशी सोडा. ते मामाच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

या महिन्यात मात्र दोघांना एकाच गवतावर काम करावं लागत होतं. त्यावर त्यांनी उपाय काढला होता, तो म्हणजे भिंगरी. "मामाला सांग, जाताना नळ बंद कर." "भाऊजींना विचार, कापणीचं यंत्र कधी मोकळं आहे." भिंगरी दिवसभर इकडून तिकडे पळत होती. खरं सांगायचं तर तिला ते आवडत होतं. तिच्यावाचून दोघांचं पान हलत नव्हतं.

आता मात्र तिला रडू येत होतं. कापणीच्या यंत्रापुढे गोगलगाय आली तर यंत्र थांबवून तिला उचलून बाजूला ठेवणारा तिचा मामा. तो गवताला विष घालेल? तिला ते मुळीच पटत नव्हतं. आणि बाबा या बाबतीत घरात अवाक्षर काढत नव्हते, याचा तिला जास्तच राग येत होता.

"खालून नुसते डाग दिसतात," ती म्हणाली. "वरच्या मजल्यावरून सगळं मैदान एकदम दिसेल. म्हणून किल्ली हवी."

हे काम रेडिओने अंगावर घेतलं. चिटणीसकाकांच्या खोलीच्या दाराशी उभी राहून ती टिंगूला खणखणीत आवाजात सांगू लागली, की वरच्या मजल्यावर कबुतरांनी काय घाण करून ठेवली आहे, ती कठड्यावरून खाली कशी पडते, आणि उद्या सभेत अध्यक्षबाई नेमक्या त्याच कठड्याखाली कशा बसणार आहेत. "आपल्याला काय करायचंय," तिने शेवटी उसासा टाकला. "ज्यांचं काम त्यांनी बघावं."

दार उघडलं. चिटणीसकाकांनी तिघांना आपादमस्तक न्याहाळलं. सुट्टीत नुसतं उंडारण्यापेक्षा मुलांनी चार चांगली कामं करावीत, असं त्यांनी सुनावलं आणि किल्ली व तीन झाडू हातात ठेवले.

वर पोचल्यावर तिघांनी आधी कठड्याशी धाव घेतली. मग खाली बघितलं.

डाग वेडेवाकडे नव्हतेच. एका ओळीत होते. तुटक, मधूनमधून पुसट, पण सरळ. दोन ओळी काटकोनात मिळत होत्या, आणि एका टोकाला अर्धगोल होता.

"हे मैदान आहे," भिंगरी हळूच म्हणाली. "मैदानात आडवं आखलेलं छोटं मैदान."

टिंगू कठड्यावर वाकला. "तो अर्धगोल माझा आहे. आमच्या बारा वर्षांखालच्या मुलांचा सराव झाला ना मागच्या बुधवारी, तेव्हा गोलरक्षक म्हणून मी त्यातच उभा होतो. एरवी रेघा तुझे बाबाच मारतात, पण त्या दिवशी माझ्या बाबांनी पहाटे येऊन आखून दिलं होतं."

म्हणजे गवत रेघांखालीच जळलं होतं. पण रेघा तर रोज मारल्या जातात. त्यांनी गवत कधी जळत नाही. तिघांनी भराभर झाडू मारला, कारण कबूल केलेलं काम सोडून पळणं भिंगरीला बरं वाटेना, आणि मग ती खाली सामानाच्या खोलीत गेली.

खोलीत उजवीकडे पोती होती, डावीकडेही पोती होती. कशावरच काही लिहिलेलं नव्हतं. हा महिना सोडला तर वीस वर्षं तिथे बाबांशिवाय कुणी पाऊल टाकलं नव्हतं, मग चिठ्ठ्या लावायच्या कुणासाठी? दोन्हीकडे पांढरीशुभ्र भुकटीच होती. भिंगरीने दोन ग्लासांत पाणी घेतलं आणि दोन्हीकडची मूठमूठ भुकटी त्यांत टाकून ढवळली. उजवीकडची तळाशी जाऊन बसली. डावीकडची विरघळून दिसेनाशी झाली.

"ही उजवीकडची फक्की, रेघा मारायची," भिंगरी म्हणाली. "आणि हे डावीकडचं पांढरं. फवारताना पाण्यात पटकन विरघळावं म्हणून बाबा ते कुटून ठेवतात."

"पांढरं तर रेघा मारायचं असतं," टिंगू म्हणाला.

"छे. पांढरं म्हणजे खत."

"तुमच्याकडे असेल. आमच्याकडे सगळे रेघांच्या भुकटीलाच पांढरं म्हणतात. फक्की हा शब्द मी आज ऐकतोय."

भिंगरी पोत्यावर बसली. तिला मागचा मंगळवार आठवला. मामा म्हणाला होता, "भाऊजींना विचार, पांढरं कुठे असतं." तिने विचारलं. बाबा म्हणाले, "डावीकडे. पण त्याला पांढरं कशाला हवंय, ते विचारून घे." तेव्हा बाहेर रेडिओ चेंडू घेऊन थांबली होती. भिंगरीने मामाला जाता जाता एवढंच सांगितलं होतं, "डावीकडे." बाबांचा प्रश्न तिने वाटेतच गाळला होता.

तिने हे दोघांना सांगितलं आणि ती हमसून हमसून रडली. टिंगू तिच्याशेजारी पोत्यावर बसला. मग म्हणाला, "तुझं नाव नको सांगू. माझ्या बाबांनी चुकीचं पोतं उचललं, एवढं सांगितलं तरी विषाचं खोटं ठरेल."

"आणि मग निष्काळजी म्हणून मामाची नोकरी जाईल," भिंगरी डोळे पुसत म्हणाली. "निम्मा निरोप सांगूनच हे सगळं झालंय. आता पुन्हा निम्मंच सांगू?"

दुसऱ्या दिवशी सभेला स्टेडियमचा खालचा मजला भरला होता. तांबडे एका बाजूला, निळे दुसऱ्या बाजूला, मध्ये दोन रांगा मोकळ्या. बाबा या टोकाला उभे होते, मामा त्या टोकाला. चिटणीसकाकांनी कागद उघडून वाचायला सुरुवात केली तेव्हा भिंगरी उभी राहिली.

ही मोठ्यांची सभा आहे, खाली बस, असं चिटणीसकाका म्हणाले. पण अध्यक्षबाईंचा जन्म शिकवण्यात गेला होता. हात वर केलेल्या मुलाला बोलू न देणं त्यांना जमत नसे.

"आधी सगळ्यांनी वरच्या मजल्यावर यायला हवं," भिंगरी म्हणाली. "तिथूनच दिसतं."

कुरकुर झाली, पण अध्यक्षबाई उठल्यावर बाकीच्यांनाही उठावं लागलं. जिना एकच होता. तांबडे आणि निळे धापा टाकत, एकमेकांना वाट देत वर चढले. कठड्याशी उभं राहिल्यावर कुणाला फार समजवावं लागलं नाही. टिंगूने आपला अर्धगोल दाखवला, रेडिओने दोन ग्लास पुढे धरले आणि आयुष्यात पहिल्यांदाच मोजकं बोलली. शेवटी भिंगरीने मंगळवारचा निरोप सांगितला. गाळलेल्या प्रश्नासकट सगळा सांगितला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मामाची नाही."

मामा गर्दीतून पुढे आला. "माझीपण आहे," तो म्हणाला. "रेघा मारताना भुकटी वेगळी लागत होती हाताला. वाटलं, तांबड्यांचा माल असाच हलका असणार. विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

बाबा कठड्याला धरून खाली बघत होते. वीस वर्षं ते हे गवत खालूनच बघत आले होते. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"डागांच्या कडेला गवत दुप्पट हिरवं झालंय," ते म्हणाले. "विषाने असं होत नाही, खत जास्त झालं की होतं. हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण ते विषच निघावं असं मला वाटत होतं."

चिटणीसकाकांनी आपला कागद दुमडून खिशात टाकला.

मतदान तिथेच, वरच्या मजल्यावर उभ्याउभ्या झालं. हात वर करताना कोण तांबडा आणि कोण निळा हे मोजणं अवघड झालं, कारण सगळे मिसळून उभे होते. पण हात पुरेसे होते. दोन्ही क्लब हा सगळा हंगाम याच मैदानावर खेळणार होते. अध्यक्षबाईंनी तिघांना पुढे बोलावलं. अख्ख्या सभेला जे करता आलं नाही ते या मुलांनी केलं, असं त्या म्हणाल्या. मग भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी हळू आवाजात जोडलं, "शोधून काढणं हुशारीचं होतं. पण उभं राहून सगळं सांगणं, हे आमच्यातल्या कितीजणांना जमलं असतं कोण जाणे." चिटणीसकाकांनी घसा खाकरला, मामाकडे जाऊन दोन शब्द पुटपुटले आणि त्याचा हात हातात घेतला.

लोक जिना उतरू लागले. मामा मात्र जागचा हलला नाही. तो बाबांकडे बघत होता. भिंगरीला सवयीने वाटलं की आता आपल्याला हाक येणार, आणि ती पुढे झालीसुद्धा.

"भाऊजी," मामा म्हणाला, "मुळं जिवंत असतील का?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "कडेची असतील. मधली मेली असणार, ती खणून नवं गवत लावावं लागेल. एकट्याचं काम नाही ते." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "चल, बघू."

दोघं जिना उतरून मैदानात गेले. त्या अर्धगोलाशी दोघंही गुडघ्यांवर बसले आणि बोटांनी माती उकरू लागले. मामा काहीतरी सांगत होता. बाबांनी मान हलवली, मग तेही बोलू लागले, आणि बोलतच राहिले. भिंगरी कठड्याला रेलून त्यांच्याकडे बघत उभी होती. ते काय बोलत होते ते वर ऐकू येत नव्हतं, आणि तिला ते कुणाला जाऊन सांगायचंही नव्हतं.