एक जूनची माणसं

"मॅडम, आमच्या दोनशे बारा माणसांना तुम्ही जन्मालाच येऊ दिलं नाय म्हणं."

कालिंदीनं मान वर केली. कॉम्प्युटर रूमच्या दारात एक उंच, सावळा तरुण अनवाणी उभा होता. धूळ नको म्हणून त्या खोलीत चपला बाहेर काढून यायचा नियम होता, आणि मोठे साहेब सोडून सगळे तो पाळत.

"आपण?"

"पुंजाराम सोनवणे, टाइम ऑफिस. हजेरी, रजा, रिटायरमेंट, सगळं माझ्याकडं. त्या दोनशे बारांत मी पण हाये."

एकोणीसशे नव्व्याण्णवचा नोव्हेंबर चालू होता. चिकलठाण्याच्या त्या पंपांच्या कारखान्यानंही जगाबरोबर एक जानेवारीची धास्ती घेतली होती. कॉम्प्युटरला सालाचे शेवटचे दोनच आकडे ठाऊक. दोन शून्यं दिसली की तो सरळ एकोणीसशे साल धरून बसणार आणि कोण कधी रिटायर होणार याचा पार विचका करणार. ते निस्तरायला औरंगपुऱ्यातल्या दत्तोपंत पाठकांची ही मुलगी एकतीस डिसेंबरपर्यंतच्या करारावर आली होती.

"चूक तुमच्या नोंदींत आहे," ती म्हणाली. "दोनशे बारा लोकांची जन्मतारीख एक जून? कुणीतरी कंटाळून सगळीकडे एकच तारीख टाकलीय. मी त्या नोंदी बाद केल्या."

पुंजाराम हसला. हसण्याआधी तो खाली बघायचा. हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं होतं, कबूल मात्र तिनं दोन आठवड्यांनी केलं… तेही स्वतःशीच.

"कंटाळून नाय, मॅडम. गुरुजींनी टाकलीय. शाळा जूनमधी भरती. गुरुजी विचारणार, पोरगं कधीचं? आई म्हणणार, पोळ्याच्या आसपासचं. मग गुरुजी सहा वर्षं मागं मोजून एक जून लिहिणार. तुमची कोणती?"

"अकरा ऑक्टोबर. पहाटे चार वाजून सतरा मिनिटं."

"मिनिटं पण?" त्याला खरंच नवल वाटलं. "घड्याळ धरून बसलं होतं का कोणी?"

तिला राग यायला हवा होता. हसू आलं.

नोंदी परत घालणं अर्ध्या तासाचं काम होतं. पण मॅनेजरनं हट्ट धरला की आता प्रत्येकाकडून तारखेवर सही घ्या. मग जेवणाच्या सुट्टीत आठ दिवस ती दोघं कारखानाभर हिंडली. ती माफी मागायची, तो सही घ्यायचा. ओतकामातले सांडूमामा म्हणाले, "निजामावर पोलीस ॲक्शन झाली ना, तिच्या पुढच्या पोळ्याला मी झालो."

कालिंदीनं कागद पाहिला. "मामा, म्हणजे एकोणपन्नास. इथं तर बावन्न साल आहे. तीन वर्षं कमी लागलीत."

"ऱ्हाऊ द्या की, ताई. गुरुजीनं दिल्यात, तुम्ही कशाला काढून घेता?"

पुंजाराम खाली बघू लागला. कालिंदीनं मुकाट्यानं पेन पुढं केलं.

या हकिकती ती घरी रंगवून सांगे आणि दत्तोपंत मनापासून हसत. हसून झालं की पुण्याच्या स्थळाचा विषय काढत. सव्वीस गुण जुळले होते आणि डिसेंबरअखेरीला होकार कळवायचा होता. कालिंदी उठून आत जाई. तिला पुंजाराम आवडला होता, यात आता शंका नव्हती. अडचण एवढीच की दत्तोपंत पत्रिकेशिवाय स्थळ बघत नसत, आणि एक जूनच्या माणसाला पत्रिका नसते.

एकदा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमची खरी तारीख कोणती हो?"

सुट्टीला तो आपल्या गावी, फर्दापूरला जाऊन आईला विचारून आला. "आई म्हणती, म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पारी. म्हशीचं नाव सांगितलं. महिना नाय आठवत."

"बरं," ती म्हणाली.

"पण तुम्हाला कशाला पाहिजे?"

"असंच…"

डिसेंबरात, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी तिनं चाचणी घेतली. पुंजाराम मदतीला आला होता. मशीनची तारीख पुढं ढकलली. एक जानेवारी सुरळीत गेली, एकोणतीस फेब्रुवारीही. मग तिनं एक जून टाकली. प्रिंटर करकरू लागला आणि कारखान्यातर्फे कामगारांना जाणारी वाढदिवसाच्या शुभेच्छांची एकामागून एक दोनशे बारा पत्रं बाहेर आली. पुंजारामनं आपलं शोधून काढलं.

"वाढदिवस झाला म्हणायचा माझा. काय देणार?"

"काय पाहिजे?"

"एकतीस तारखेनंतर पण येत जा."

"माझं काम संपतं तेव्हा."

"मग बिनकामाचं या." तो खाली बघत होता, पण हसत नव्हता. "लई दिवस झाले म्हणावं म्हणतोय… तुम्ही नसलात तर मला करमायचं नाय."

कागदाची पट्टी गुंडाळताना कालिंदीचे हात थांबले. "मलाही नाही करमणार," ती म्हणाली. "पण घरी पत्रिका विचारतील."

"मग बाद झालो मी."

"बाद मी करते. इथं तरी." तिनं मशीनची तारीख परत मागं आणली. "आणि मी केलेलं नाही."

त्याच संध्याकाळी तिनं वडिलांना सांगितलं. दत्तोपंतांनी सवयीनं वही पुढं ओढली. "जन्मवेळ?"

"कुणालाच माहीत नाही."

"तारीख?"

"एक जून."

दत्तोपंतांनी चष्मा काढला. "मग जुळवायचं कशाशी?"

"बाबा, तारीख पटली नाही म्हणून मी दोनशे बारा माणसं बाद केली होती. सगळी खरी निघाली. आठ दिवस माफी मागत हिंडले. आता परत तेच करू?"

दत्तोपंतांनी पुण्याची पत्रिका घडी घालून पाकिटात ठेवली.

"नाव तरी त्याचं स्वतःचं आहे ना? की तेही गुरुजींनी ठेवलंय?"

"नाव आईनं ठेवलंय," कालिंदी म्हणाली, आणि दत्तोपंतांनी वही मिटली.