खचलेलं मैदान

“खारे, उतर खाली! कुणी पाहिलं तर आपली धडगत नाही!” भिंतीखालून तिचा मित्र मास्तर कुजबुजला.

खारूताई कसली उतरतेय! वसाहतीच्या मैदानाची भिंत ती केव्हाच चढली होती. फाटकावर पाटी होती : ‘जमीन खचली आहे. आत जाण्यास सक्त मनाई.’ मागे पाइप टाकताना एक कोपरा खरंच खचला होता. तेव्हापासून फाटकाला कुलूप, आणि किल्ली समोरच्या दुकानदाराकडे. सुट्टीभर मुलं त्याच्याच पायरीवर बसून वेफर्स खायची आणि गोड सोडा ढोसायची. दुसरं करणार तरी काय?

खारूताईचे बाबा बस चालवायचे. त्यांना मधुमेह होता, रोज चालायचं होतं. मैदान बंद, म्हणून ते हमरस्त्याच्या कडेने चालत. तिथेच एका स्कूटरने त्यांना उडवलं. पायाची जखम चिघळली आणि दोन बोटं कापावी लागली. “जखम भरली की चालायलाच हवं, नाहीतर पुढच्या वेळी पाय जाईल,” असं डॉक्टर आईला म्हणाले, ते खारूताईने दाराआडून ऐकलं होतं. त्या दिवसापासून तिचं खेळात लक्ष नव्हतं.

“काय दिसतंय?” भोंग्याने विचारलं. हळू बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

“हळू रे! कोपरा कधीच बुजवलाय, वर गवत उगवलंय! आणि सोड्याची ही एवढी खोकी रचलीत!”

तेवढ्यात ट्रक आला. दुकानदाराने कुलूप काढलं आणि भरलेला ट्रक मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

“ट्रकने खचत नाही, आणि माझ्या बाबांनी खचते?” खारूताईचे डोळे भरून आले.

तिघं थेट वसाहतीच्या कचेरीत गेले. अध्यक्ष आजोबा चहा पीत होते.

“पाटी कमिटीने लावली. काम झाल्याचं पाइपवाल्यांनी कळवलं, की कमिटीच काढेल.”

“पाइपवाले कधीच गेले, आजोबा!” मास्तर म्हणाला.

“मग दुकानदाराला विचारा. त्याची नजर असते.”

“तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“खचलेल्या जागी मरायला जाऊ का मी? पळा!”

म्हणजे ज्याच्या खोक्यांना जागा हवी होती, त्याच्याच शब्दावर सगळी वसाहत बसून होती! मोठ्यांची ही तऱ्हा.

पुढचा ट्रक आत शिरला, तेव्हा तिघं तयारीत होते.

“भोंग्या, ओरड. पोटभर!”

आजवर त्याला असं कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने छाती फुगवली. “धावा! खचलेल्या मैदानात ट्रक गेलाय! आत माणसं आहेत!”

शब्द अन् शब्द खरा होता. घराघरांतून माणसं दोर घेऊन धावली. दुकानदार फाटक लावायला झेपावला, पण मध्ये मास्तरची सायकल आडवी पडलेली!

आत हमाल निवांत खोकी उतरवत होते. अध्यक्षांनी एक पाऊल जपून टाकलं. मग दुसरं. मग पाय आपटून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला.

“माल ठेवायला जागा नव्हती हो...” दुकानदार पुटपुटला.

अध्यक्षांनी किल्ली काढून घेतली. कमिटी तिथेच उभ्या उभ्या बसली. खोकी आजच हलवायची. मैदान दिवसभर उघडं. आत पिण्याच्या पाण्याचा नळ. फाटकापाशी सोडा विकायचा नाही.

“शाब्बास पोरांनो!” अध्यक्षांनी खारूताईच्या डोक्यावर हात ठेवला.

ती बाजूला सरकली. “आजोबा, तुम्ही आधीच आत पाऊल टाकलं असतं, तर बाबांची बोटं राहिली असती.”

अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने पाटी उपटली.

जखम भरेपर्यंत सुट्टी संपत आली. बाबा काठी टेकत आले. अर्ध्या फेरीत त्यांना धाप लागली, तेव्हा अध्यक्षांनीच त्यांना धरून बाकावर बसवलं.

“लेक गुणाची आहे हो तुमची,” ते खालच्या आवाजात म्हणाले.

बाबांनी पाय चोळला. “उरलेली फेरी उद्या. उद्या उघडं असेल ना गं?”

खारूताईने फाटकाकडे बोट दाखवलं. “कुलूपच नाहीये आता, बाबा.”