४४१७ नंबरची गाडी

शेवटच्या दिवशी स्टोअरकीपर नेहमीपेक्षा अर्धा तास आधीच गोदामात आला. काम फारसं नव्हतं. रॅक पुसायचे, उरलेल्या सुट्या भागांची यादी दाराला चिकटवायची आणि संध्याकाळी ट्रक आला की किल्ली ड्रायव्हरच्या हातात द्यायची.

गाड्या बनवणारी ती छोटी जपानी कंपनी दहा वर्षांपूर्वी या देशातून निघून गेली. गाड्या चांगल्या होत्या, पण खपत नव्हत्या. एका सकाळी शोरूमच्या काचांना आतून कागद लागले आणि माणसं आपापल्या घरी गेली. विकलेल्या गाड्यांना दहा वर्षं सुटे भाग पुरवायचे, एवढं मात्र करारात होतं. त्यासाठी कंपनीने एक गोदाम आणि एक माणूस मागे ठेवला. तो हा.

दाजी त्याला मुनीम म्हणायचे. दाजी म्हणजे त्याच्या ताईचे यजमान. "आमचा मुनीम झोपेतही नट-बोल्ट मोजतो," असं पाहुण्यांना सांगून स्वतःच हसायचे. त्यांनी या कंपनीची गाडी घेतली तीही याच्याच शब्दाखातर. दारात गाडी आली की ते हलकेच दोनदा हॉर्न द्यायचे आणि ताई हातातलं टाकून बाहेर जायची.

दहा वर्षांपूर्वी, कंपनीच्या शेवटच्या आठवड्यात, शुक्रवारी, दाजी ब्रेकचा पाइप न्यायला आले. जुना पाझरत होता. नेमकी तेव्हा गोदामात मोजणी चालली होती, आणि मोजणी संपेपर्यंत एकही वस्तू बाहेर द्यायची नाही असा नियम होता. याने पाइपचं पाकीट शोधलं, त्याला लाल चिठ्ठी बांधली, वर 'दाजी – सोमवारी' असं लिहिलं आणि पाकीट परत रॅकवर ठेवलं.

"शनिवार-रविवारचाच तर प्रश्न आहे, दाजी."

"बरं बाबा, मोज तू," दाजी म्हणाले आणि गेले.

रविवारी उतारावर ब्रेक लागला नाही.

ताई तेव्हापासून याच्याकडेच राहत होती. त्या शुक्रवारबद्दल तिला सांगायचं, असं तो रोजच्या वहीत लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी खोडायचा. पाकीट मात्र त्याने तिथून हलवलं नाही.

गेल्या वर्षापासून दारातल्या टपालपेटीत वेगळ्याच मागण्या पडू लागल्या. चिठ्ठीवर गॅरेजचं नाव नसायचं, फक्त गाडीचा नंबर असायचा. ४४१७. तो नंबर त्याला पाठ होता. दाजींची गाडी भंगारवाल्याकडे यंत्रात दाबली गेली तेव्हा तो समोर उभा होता. पहिली मागणी बॉनेटची होती. मग दिवे, काच, दारं, स्टिअरिंग. तो वस्तू काढून दाराजवळच्या बाकावर ठेवायचा आणि मागच्या खोलीत डबा खायला जायचा. परत येईपर्यंत बाक रिकामा झालेला असायचा. पहिल्यांदा भीती वाटली होती. नंतर नंतर नुसताच थकवा यायचा. मागतोय तर देऊन टाकावं, असं वाटायचं. मागच्या सीटची मागणी कधी आलीच नाही. पुढच्या सीट मात्र दोन्ही गेल्या होत्या.

आज पेटीत एकच चिठ्ठी होती. ४४१७. ब्रेकचा पाइप, एक नग.

दुपारी ताई थर्मास घेऊन आली. आभाळ भरून आलं होतं. पत्र्याखाली रबराचा आणि जुन्या ग्रीसचा वास कोंडला होता. तिने पदर खोचला आणि फडकं घेऊन रॅक पुसायला लागली.

"किती रे ही धूळ, मुनीम. मोजलीस की नाही कधी?"

तो हसला नाही. तिच्या हातात ते पाकीट होतं. लाल चिठ्ठी तिने उजेडाकडे धरली.

"ताई... ते शुक्रवारी आले होते. मीच परत पाठवलं."

"माहीत आहे."

"तुला..."

"घरी येऊन म्हणाले, मुनीम मोजतोय, सोमवारी देणार आहे. हसत होते." तिने चिठ्ठीवरची धूळ बोटाने पुसली. "तू कधी सांगतोस, याची वाट बघत होते. दहा वर्षं लावलीस रे."

त्याने दाराजवळच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिनेच पाकीट नेऊन बाकावर ठेवलं. मग मागच्या खोलीत बसून दोघांनी चहा घेतला. त्याला वाटलं, आता घरी जाऊन दोन दिवस नुसतं झोपावं.

बाहेर गाडीचं इंजिन थांबल्यासारखं झालं. थोड्या वेळाने तो पुढे गेला. पाकीट नव्हतं. लाल चिठ्ठी तेवढी सोडवून बाकावर ठेवली होती.

आणि पेटीत एक नवी चिठ्ठी होती. ४४१७. सीट बेल्ट, चालकाशेजारच्या सीटचा. एक नग.

बराच वेळ तो चिठ्ठी धरून उभा राहिला. एकदा दिलं नव्हतं, त्याचं काय झालं ते त्याला ठाऊक होतं. दिलं तर काय होईल, तेही आता कळत होतं.

बाहेर हलकेच हॉर्न वाजला. दोनदा.

मागून ताई आली. खोचलेला पदर तिने सोडला होता. पायांत चपला होत्या.

"हॉर्न वाजला ना रे?"

"नाही, ताई. ट्रक असेल... रस्त्यावर."

"वाजला," ती म्हणाली आणि दाराकडे बघत राहिली.

तो शेवटच्या रॅककडे जवळजवळ धावतच गेला. बेल्टचं एकच खोकं उरलं होतं. ते कुठेतरी मागे दडवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने खोकं ओढलं. त्याला लाल चिठ्ठी बांधलेली होती.

'ताई – सोमवारी.'

आज सोमवारच होता. अक्षर त्याचंच होतं, आणि शाई अजून ओली होती.