डाव्या बाजूचा खळगा

शिरपूर जैनच्या बसस्टँडजवळ माणिकरावांचं सीट कव्हरचं दुकान आहे. तिथं एखादी जुनी मोटरसायकल येऊन थांबली, की त्यांच्या लेकीला, रूपाला, पोळ्याच्या आदल्या दिवसाची ती दुपार आठवते. भुरभुर पाऊस चालला होता. एक वायरमन गाडीवरून उतरून पत्र्याखाली आला, पाठमोरा वळला... आणि त्याच्या पँटवर मागं पाण्याचा हा एवढा मोठा डाग!

रूपानं तोंडाला ओढणी लावली. पण हसू कुठलं अडतं?

"काहून हासून राह्यल्या तुमी?" त्यानं विचारलं.

"सीट फाटली हाये तुमची. फोमानं पानी पेलं, अन् आता तुमाले वाटून राह्यला."

त्यानं हळूच हात मागं नेला, आणि कानापर्यंत लाल झाला. संघदीप त्याचं नाव. राहायला मालेगावला, शिरपूरला नवीनच ड्युटी लागलेली.

वडिलांची नजर अधू झाल्यापासून ब्लेड, रेक्झिन, सुई सगळं रूपाच्याच हाती होतं. माणिकराव स्टुलावर बसून नुसते कान लावत.

"जाड गादी टाका. एकदम मऊ," संघदीप म्हणाला. "पाठ लय दुखते. अन् गाडीबी उजवीकडं ओढते. मेकॅनिक म्हनते, काईच खराबी नाई."

"मऊ गादी चार दिवस गोड लागते, मंग खालचा पत्रा टोचते. अन् जाड केली त तुमचे पाय टेकतीन का जमिनीले? चिखलात गाडी कशी सावरसान? बसा बरं गाडीवर."

तो बसला. ती खडूनं खुणा करू लागली. पुढं टाकीकडे उतार झाला होता. ब्रेक मारला की माणूस घसरणारच. खाली कडक फोम, वर बोटभर मऊ, असं ती समजावत होती. मान वर केली, तर आरशात तो तिच्याकडेच बघत होता. खुणेची रेघ वाकडी गेली.

"तुमी म्हनसान तसं," तो म्हणाला. "फक्त... मागची बाजू हाय तशीच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सण, म्हणून तिनं तेवढं ठिगळ लावून दिलं. मग तो येतच राहिला. कधी शिवण टोचते, कधी ठिगळ सुटलं. ठिगळ काही सुटलेलं नसायचं. रूपा तरी ते मन लावून तपासायची, आणि दोघांचा गुळाचा चहा मुद्दाम जास्त वेळ उकळायचा. तिला तो आवडला होता... अगदी मनापासून. तिला एक स्थळ सांगून आलेलं, रविवारी उत्तर द्यायचं होतं. ती 'नाही' म्हणणार होती, पक्कं ठरवून.

शुक्रवारी सकाळी तो नव्या गादीसाठी सीट काढून देऊन गेला. रूपानं कव्हर उचकटलं, आणि तिचे हात थांबले. मागच्या फोमला डाव्या कडेशी खोल खळगा पडला होता. दोन्ही पाय एका बाजूला टाकून एकच बाई वर्षानुवर्षं बसल्याशिवाय फोम असा बसत नाही. फोम खोटं बोलत नाही, हे माणिकरावांनीच तिला शिकवलेलं.

म्हणजे बायको आहे याला! आणि वर म्हणतो, मागची बाजू तशीच ठेवा...

दिवसभर तिनं रागानं फोम तासला. संध्याकाळी तो आला, तर मान वर न करता म्हणाली, "न्या तुमची सीट. घरी बाईसायेबांले सांगा, त्याईची जागा तशीच ठेवली."

"कोन बाईसायेब?"

"ज्या मांगं बसतात त्या."

संघदीपनं सीटच्या मागच्या कडेवर हात ठेवला. "माय होती," मग तो म्हणाला. "चार वर्सं, आठवड्यातून दोनदा, वाशिमले डायलिसिसले नेत होतो तिले. ती डावीकडं बसे, म्हून मी उजवीकडं कलून गाडी सावरो. फागुनात गेली... तिची तेवढीच जागा उरली हाये."

रूपाच्या हातातलं ब्लेड खाली गेलं. स्वतःची लाजही वाटली, आणि दुसऱ्याच क्षणी सगळं लख्ख कळलं.

"गाडीत खराबी नाईच," ती हळूच म्हणाली. "तुमी आजूनबी कलूनच चालवता. माय मांगं बसली हाये असं समजून. म्हून पाठ दुखते."

त्यानं तोंड फिरवलं. तिनं त्याला डोळे पुसू दिले.

"खळगा कापत नाई मी," ती म्हणाली. "आतमंदी तसाच राहीन. वरून एक थर देते. नाई त मांगं बसनारी रोज घसरन."

"मांगं बसनार कोन हाये?"

"ते... तुमी ठरवा."

"मी त पोळ्याच्या आदल्या दिवशीच ठरवलं. तुमी हासल्या ना, तवाच."

"मंग पाहा लागन सीट कशी झाली," रूपा म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "एकट्यानं समजत नाई ते."

"जा वं," स्टुलावरून माणिकराव म्हणाले, "पन अंधाराच्या आत ये."

वरचा थर लावून सीट गाडीवर चढवल्यावर, दोन्हीकडे पाय टाकून ती मागं बसली. मंदिराच्या वळणावर गाडी सरळ, हलकी वळली. "ओढते का?" तिनं विचारलं. "नाई," तो म्हणाला, आणि मुद्दाम लांबच्या रस्त्यानं निघाला.

त्याला आता सात वर्षं झाली. कव्हर तीनदा बदललं. दर वेळी रूपा तो वरचा थर उचलून खळग्यावर तळहात ठेवते, मगच नवं कव्हर चढवते. विमलबाईंना, तिच्या सासूला, तिनं कधी पाहिलं नाही.

गाडी सरळ चालते. पण वाशिमचा रस्ता लागला, की संघदीप कधीकधी नकळत उजवीकडे कलतो. मागं बसलेली रूपाही त्याच्यासोबत तेवढीच कलते.